गाठ पाठीवर, आजार हाडात

जून लागला की रत्नागिरीतल्या माझ्या दवाखान्यात कातडीच्या तक्रारींची रांग लागायची. न वाळलेले कपडे, जांघेतलं गजकर्ण, लावणीच्या दिवसांतल्या पायांच्या चिखल्या. अशाच एका रांगेत ७४ वर्षांचे एक तात्या आले. निवृत्त शिक्षक, आपल्या पायांनी चालत आलेले. सदरा वर करून त्यांनी पाठ दाखवली. सात-आठ गाठी होत्या, काही वाटाण्याएवढ्या, एक-दोन आवळ्याएवढ्या. रंग पिकलेल्या करवंदाचा, काळपट जांभळा. बोटाने दाबल्या तर रबरासारख्या घट्ट. "खाजत नाही, दुखत नाही. ही मागे लागली म्हणून आलो," ते म्हणाले. मी मलम दिलं, ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी, काकू, त्यांना पुन्हा घेऊन आल्या. या वेळी चाल मंदावलेली होती. तोंड उघडायला सांगितलं, तर हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या आणि कडेला रक्त. त्या दिवशी रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी लॅबमधून फोन आला. पांढऱ्या पेशी ४६ हजार, हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट्स ३१ हजार, आणि स्लाइडवर बहुतेक पेशी कोवळ्या, म्हणजे ब्लास्ट. रक्ताचा कॅन्सर होता, आणि मी तीन आठवडे त्यावर मलम चोळायला लावलं होतं. ती चूक माझी. साध्या रक्ततपासणीची चिठ्ठी पहिल्याच दिवशी लिहिली असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न निवृत्तीनंतरही माझ्या मागे आहे. हा लेख त्यापोटीच लिहितो आहे.

ल्युकेमियाच्या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात आणि रक्तातून फिरतात. काही रुग्णांत त्या कातडीत शिरून तिथेच वस्ती करतात. याला डॉक्टर 'ल्युकेमिया क्युटिस' म्हणतात. ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे एएमएलमध्ये, साधारण दहातल्या एखाद्याला असं होतं. ज्या प्रकारात मोनोसाइट जातीच्या पेशी वाढतात त्यात जास्त होतं, आणि हिरड्या सुजण्याची खूणही बहुधा त्याच प्रकारातली. एएमएल हा मुळात उतारवयाचा आजार. पाश्चात्त्य देशांत तो सापडतो तेव्हा रुग्णाचं मधलं वय ६८ च्या आसपास असतं. म्हणून साठीपुढच्या माणसाच्या अंगावर न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या, जांभळट किंवा तांबूस-तपकिरी घट्ट गाठी उठल्या आणि दोन आठवड्यांत गेल्या नाहीत, तर त्याला 'पित्त उठलंय' म्हणून सोडू नका. कधी कधी या गाठी जुन्या व्रणावर, शस्त्रक्रियेच्या खुणेवर किंवा नागीण बरी झालेल्या जागीच उठतात. तेव्हा घरच्यांना नागीणच परत आली असं वाटतं.

आपल्याकडे फसगत व्हायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली कुष्ठरोगाची. रत्नागिरीत दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकातच कुष्ठरुग्णालय उभं राहिलं, त्यामुळे चेहऱ्यावर, कानाच्या पाळीवर गाठी दिसल्या की इथल्या जुन्या माणसांच्या मनात आधी तोच संशय येतो. मग लाजेपोटी माणूस घरात बसून राहतो. कुष्ठरोग असेल तर त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो, तेव्हा लपवण्यासारखं त्यातही काही नाही. पण तिथे रक्ताचा साधा रिपोर्ट बहुधा ठीक असतो. ल्युकेमियात तो सहसा बिघडलेला असतो.

दुसरी फसगत पावसाळ्यातल्या तापाची. ताप, अंगदुखी, प्लेटलेट्स कमी: जुलैत हे चित्र दिसलं की डेंग्यू नाहीतर लेप्टो, असं गृहीत धरलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरच निघतं. मात्र डेंग्यूत उतरलेल्या प्लेटलेट्स आठवडा-दहा दिवसांत वर येतात. दोन आठवड्यांनीही त्या तिथेच असतील, जोडीला हिमोग्लोबिनही घटलेलं असेल किंवा पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या असतील, तर लॅबला 'पेरिफेरल स्मिअर' करायला सांगा. म्हणजे मशिनच्या आकड्यावर न थांबता पॅथॉलॉजिस्टने रक्ताचा थेंब स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहायचा. ही तपासणी शंभर-दोनशे रुपयांतली आहे आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

तिसरी फसगत सर्वात वाईट, कारण ती गुण आल्यासारखी वाटते. स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या की काही गाठी बसतात, भूक लागते, माणूस ताजातवाना दिसतो. महिनाभराने सगळं दुप्पट जोमाने परततं, आणि मधल्या काळात तपासण्यांचं चित्रही धूसर होतं. निदानाआधी स्टिरॉइड नको. जो डॉक्टर देत असेल त्याला "कशासाठी?" एवढं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ल्युकेमियाच्या रुग्णाच्या कातडीवरचं सगळंच ल्युकेमिया क्युटिस नसतं, हेही लक्षात ठेवा. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले आणि पारदर्शक ग्लास दाबूनही ते फिकट होत नसतील, तर ते प्लेटलेट्स कमी झाल्याने झिरपलेलं रक्त असतं. औषधाची ॲलर्जी असू शकते, बुरशीची लागण असू शकते. सीएलएल नावाच्या संथ ल्युकेमियात साधा डास चावला तरी सुपारीएवढा फोड येऊ शकतो. डोळ्यांनी ओळखता येत नाही म्हणूनच कातडीचा तुकडा काढावा लागतो. जागा बधिर करून, गोल पात्याने, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा तुकडा घेतात. दहा मिनिटांचं काम, एखाद-दुसरा टाका. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे मी रत्नागिरीत हजार वेळा ऐकलं असेन. हा आजार रक्तातलाच आहे. तो आधीच सगळीकडे फिरतो आहे, तुकडा काढल्याने पसरायला त्याला जागाच उरलेली नाही.

तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करायला सांगा. पेशी कुठल्या जातीच्या आहेत हे त्यातून कळतं. सोबत बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या मागच्या हाडातला मगज काढून तपासणं, त्यावर फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रांची तपासणी आणि एफएलटी३, एनपीएम१, आयडीएच या जनुकांच्या चाचण्या. नावं पाठ करू नका, चिठ्ठीवर लिहून घ्या. क्वचित असं होतं की कातडीच्या तुकड्यात ल्युकेमिया सापडतो आणि रक्त, मॅरो दोन्ही स्वच्छ येतात. तेव्हा घरचे म्हणतात, "मग फक्त गाठी काढून टाका ना." तसं करून चालत नाही. काही महिन्यांत तोच आजार मॅरोत उगवतो, म्हणून तेव्हाही उपचार रक्ताच्या कॅन्सरचेच करायचे.

एक सूचना, जी कुणी सांगत नाही आणि नंतर आठवड्याची खोटी होते: तुकड्याचा रिपोर्ट हातात आला की लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्सही मागून घ्या. मेणात घट्ट केलेला तो तुकडा तुमचा आहे. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिला प्रश्न "ब्लॉक आणलाय का?" हाच येतो. नसला की कुणीतरी रात्रीची गाडी पकडून परत रत्नागिरीला येतो.

आता जायचं कुठे? शहरातलं जिल्हा शासकीय रुग्णालय आता वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. पहिल्या तपासण्या, रक्त चढवणं, तापाला तातडीने प्रतिजैविकं देणं यासाठी ते जवळचं ठिकाण. चिपळूण तालुक्यात डेरवणला बी. के. एल. वालावलकर रुग्णालय आहे. तिथे कॅन्सरवरचे उपचार होतात आणि टाटा मेमोरियलचं या जिल्ह्यातलं काम त्याच्याशी जोडलेलं आहे. ल्युकेमियाचा नेमका प्रकार ठरवायला आणि उपचारांचा आराखडा बांधायला मात्र एकदा तरी रक्ताच्या कॅन्सरच्या तज्ज्ञाकडे, म्हणजे हिमॅटो-ऑन्कोलॉजिस्टकडे, जायलाच हवं. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, त्याचंच खारघरचं केंद्र म्हणजे ॲक्ट्रेक. कोकण रेल्वेने जाणाऱ्याला खारघर सोपं, कारण पनवेलला उतरलं की थोडंच अंतर राहतं. राजापूर-लांज्याकडच्या काही मंडळींना कोल्हापूर किंवा गोव्यातलं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सोयीचं पडतं. कुठे जायचं यावर भाऊबंदांत आठवडाभर चर्चा होऊ देऊ नका. एएमएलमध्ये पांढऱ्या पेशी काही दिवसांत दुप्पट होऊ शकतात.

वय ७४, पण कुठलं ७४?

म्हाताऱ्या माणसाला ब्लड कॅन्सर झाला की घरात दोन टोकं तयार होतात. मुंबईचा मुलगा म्हणतो, सगळं करायचं, जमीन विकू. गावातला भाऊ म्हणतो, या वयात कशाला छळ, घरी न्या. दोघेही प्रेमाने बोलतात आणि दोघेही रुग्णाला विचारत नाहीत.

तरुणांना देतात ती केमोथेरपी, सात दिवस एक औषध आणि त्यातले तीन दिवस दुसरं, ही पंचाहत्तरीच्या शरीराला सहसा झेपत नाही. पूर्वी त्यामुळे "काही करता येणार नाही" असं सांगून घरी पाठवायचे. हे बदललं आहे. ॲझासिटिडिन नावाचं इंजेक्शन आणि व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळ्या अशी जोडी आता वयस्क रुग्णांसाठी जगभर पहिली निवड आहे. ज्या चाचणीमुळे हे ठरलं ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ४३१ रुग्ण, मधलं वय ७६. नुसतं ॲझासिटिडिन घेणाऱ्यांत निम्मे रुग्ण ९.६ महिन्यांपर्यंत जगले, जोडी घेणाऱ्यांत १४.७ महिन्यांपर्यंत. आजार मागे हटला अशांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. हे आकडे मी मुद्दाम उघड मांडतो, कारण "बरं होईल" आणि "काही उपयोग नाही" ही दोन्ही वाक्यं खोटी आहेत. मिळतात ते महिने, काहींना वर्षं. त्यांतले बरेच दिवस घरच्या पडवीत बसून चहा पिता येईल असे असतात.

जन्मतारखेपेक्षा वेगळ्याच गोष्टी निर्णय ठरवतात. महिनाभरापूर्वी माणूस बाजारात स्वतः जाऊन येत होता का? हृदयाचा इको कसा आहे, क्रिएटिनिन किती? वजन किती उतरलं? औषधांच्या वेळा लक्षात राहतात का? घरात रोज सोबत कोण असणार? पासष्टीचा धडधाकट माणूस तीव्र केमो आणि कधी कधी मॅरो ट्रान्सप्लांटही पेलू शकतो. उलट साठीतलाच डायलिसिसवरचा माणूस ती जोडीही पेलू शकणार नाही. त्याला पांढऱ्या पेशी आवरायला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, गरजेप्रमाणे रक्त आणि वेदनाशामक हा मार्गही सन्मानाचाच आहे.

प्रकार बदलला की हिशेबही बदलतो. सीएलएलमध्ये कातडीवर गाठी आल्या तरी पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं आणि उपचार लागलेच तर गोळ्यांवर भागतं. एपीएल नावाच्या प्रकारात रेटिनॉइक ॲसिड आणि आर्सेनिक, म्हणजे आपल्या जुन्या औषधांतला सोमल, ही जोडी म्हाताऱ्यांनाही बरं करू शकते. मात्र पहिल्या दिवसांत रक्तस्रावाने जीव जातो, म्हणून उपचार त्याच रात्री सुरू व्हावे लागतात. (हे वाचून कुणी वैदूकडून सोमलाची पुडी आणू नये. ते औषध शिरेतून, ईसीजी बघत देतात.) बीपीडीसीएन नावाचा एक अगदी दुर्मीळ प्रकार आहे. तो बहुधा वयस्क पुरुषांत आणि कातडीवरूनच सुरू होतो, म्हणूनही तुकड्याची तपासणी चांगल्या लॅबकडून हवी. आणि मोनोसाइट जातीच्या एएमएलमध्ये कातडीबरोबर मेंदूच्या आवरणातही पेशी शिरलेल्या असू शकतात. डोकं दुखणं, दोन दोन दिसणं, ओठ वाकडा होणं, यातलं काही दिसलं तर आपणहून डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग कातडीवर काय करायचं? बहुतेकदा काहीच नाही. मॅरोतला आजार हटला की गाठी आपोआप चपट्या होतात आणि मागे तपकिरी डाग उरतो, रातांब्याचा रस अंगरख्याला लागावा तसा. एखादी गाठ दुखते, फुटते, पापणीवर किंवा बसायच्या जागी येते, तेव्हा तेवढ्यापुरती रेडिएशन देतात आणि ती चांगली लागू पडते. मलम, लेप, जळू, शेक यांतलं काही नको. प्लेटलेट्स ३० हजार असलेल्या अंगावर जळू लावलेली मी पाहिली आहे. रक्त थांबवायला रात्र गेली.

दर रविवारी एकाच गाठीचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, मोबाइलवर फोटो काढा. डॉक्टर महिन्यातून एकदा बघतात, तुम्ही रोज बघता. तात्यांच्या बाबतीत पाठीचे फोटो नातीने काढले होते. चौथ्या आठवड्यात आवळ्याएवढी गाठ नाण्यापेक्षा लहान झालेली त्यात स्पष्ट दिसत होती. मॅरोचा रिपोर्ट त्यानंतर पाच दिवसांनी आला.

घरात, गाडीत आणि स्वयंपाकघरात

ॲझासिटिडिन हे पोटावर, मांडीवर किंवा दंडावर कातडीखाली टोचतात, सात दिवस, दर अठ्ठावीस दिवसांनी. टोचल्या जागी लाल चकंदळ उठतं, गरम लागतं. त्याला "नवीन गाठ आली" समजून घाबरू नका. जागा रोज बदलायला सांगा. रविवारी केंद्र बंद असतं तिथे पाच दिवस, मग दोन दिवस सुट्टी, मग दोन दिवस असंही देतात. पहिली फेरी मोठ्या केंद्रात होते, कारण कॅन्सरच्या पेशी एकदम फुटून युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढतं आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. पुढच्या फेऱ्यांची इंजेक्शनं घराजवळ घेता येतील का, हे तज्ज्ञांना पहिल्याच भेटीत विचारा. तसं पत्र मागा. आपण मागितलं नाही तर कुणी आपणहून देत नाही आणि म्हातारा जीव विनाकारण दर महिन्याला सव्वातीनशे किलोमीटर हिंदकळत राहतो.

व्हेनेटोक्लॅक्स जेवणाबरोबर, रोज ठरल्या वेळी. १०० मिलिग्रॅमने सुरुवात करून तीन दिवसांत ४०० पर्यंत नेतात. पण सोबत बुरशीवरचं औषध, उदाहरणार्थ पोसाकोनॅझोल, चालू असेल तर डोस खूपच कमी करतात, कारण ते औषध व्हेनेटोक्लॅक्सला अंगात साठवून ठेवतं. म्हणून शेजारच्या खाटेवरच्याला चार गोळ्या आणि आपल्याला एकच, असं दिसलं तर ती चूक नसते. चूक होते ती बुरशीची गोळी स्वतःहून बंद केल्यावर. दुसऱ्या डॉक्टरने दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबासाठीचं डिल्टियाझेम, यांचाही परिणाम होतो. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून नेणं हा सर्वात सोपा उपाय. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तेही विचारा. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक बंद. कमरेत, दंडात खोल इंजेक्शन घ्यायचं नाही.

कोकणात एक सूचना जास्त लागते. पपनस आणि चांदणीच्या आकाराचं करमळ ही दोन फळं व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्यांबरोबर वर्ज्य. परसातली असली, देवाला ठेवलेली असली तरी. गुळवेलीचा काढाही नको. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनीच तो घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले आहेत. आपली पेज उत्तम: उकड्या तांदळाची, ताजी, गरम. मासे खुशाल खा, नीट शिजवलेले. कालवं-तिसऱ्या अर्धकच्च्या नकोत. सोलकढी घरी, त्याच वेळी काढलेल्या रसाची, खाणावळीतली नाही. मिसरी बंद, हिरड्यांवर तिचा दाह होतो आणि रक्त येतं. मऊ ब्रश, खळखळून गुळण्या.

पेशी उतरलेल्या असताना गोठ्यात, शेणसड्यात, चिखलात पाय घालू नये. पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी आलेली कोंदट खोली रुग्णाला देऊ नका, माजघरातून पुढच्या खोलीत हलवा. आणि थर्मामीटर घरात हवाच. हाताने कपाळ बघून चालत नाही. १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे लगेच रुग्णालय, रात्रीचे दोन असले तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. २०२० च्या त्याच चाचणीत जोडी घेणाऱ्या शंभरातल्या बेचाळीस जणांना पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला होता. जवळच्या रुग्णालयात आधीच एकदा जाऊन, तज्ज्ञांचं पत्र दाखवून, "असा ताप आला तर आम्ही येणार" असं सांगून ठेवा. रात्री ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला सगळी कथा पहिल्यापासून सांगण्यात तास जातो, आणि तोच तास महत्त्वाचा असतो.

रक्त लागतंच. साठवलेल्या प्लेटलेट्स पाच दिवसच टिकतात, म्हणून आयत्या वेळी देणारी माणसं लागतात. गणपतीत आणि शिमग्याला वाडी भरलेली असते तेव्हाच अठरा ते पासष्टमधल्यांची नावं, रक्तगट, फोन नंबर लिहून घ्या. चाकरमानी मुंबईत असतात ही इथे सोयच. टाटाजवळच्या रक्तदात्यांची यादी आपल्या गावच्या मंडळाकडे तयार असते. राहायला लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्या आता कमी उरल्या. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन ठिकाणं आधी चौकशी करून ठेवण्यासारखी.

पैशांचं: राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड मिळतं. पेन्शनर असलात तरी काढा. फुले योजनेचा नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. कुठलं औषध कुठल्या पॅकेजमध्ये बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, औषध विकत घेण्याच्या आधी विचारा. घेतलेल्या बिलाचे पैसे मागून सहसा मिळत नाहीत. व्हेनेटोक्लॅक्स महाग आहे, ते बसत नसेल तर समाजसेवा विभागात लगेच अर्ज टाका, शेवटच्या गोळीची वाट बघू नका. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत पंचाहत्तरीपुढे प्रवास फुकट. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात आणि घाटात दरड आली की दिवस जातो. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी पोचायचं ठरवा.

त्यांना सांगायचं की नाही

"डॉक्टर, त्यांना सांगू नका." बहुतेक घरांतून हेच पहिलं वाक्य येतं. मी पूर्वी ऐकायचो. तात्यांच्या मुलानेही दारातच हात धरला होता. आत तात्या म्हणाले, "मुलगा बाहेर काय बोलला ते कळलं मला. पाठीवर काय आहे ते मी आरशात बघितलंय. किती दिवस, तेवढं सांगा. आंब्याची कलमं भावाच्या नावावर करायची आहेत." चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या माणसाला रिपोर्ट वाचता येत नाही असं समजणं हा त्याचा अपमान होता. विचारतील तेवढं सांगा, विचारतील त्या वेगाने सांगा. पण सही त्यांची, शरीर त्यांचं, तर निर्णयही त्यांना विचारूनच.

तेव्हाच, पहिल्या महिन्यातच, दुसरंही विचारून ठेवा: औषध लागू पडेनासं झालं तर कुठे राहायचं आहे? वेदनाशमनाच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या, डॉक्टरांशी गाठ शेवटी घालायची नसते, सुरुवातीलाच घालायची. मॉर्फिनच्या गोळीने माणूस व्यसनी होत नाही, दम लागलेला असताना तीच गोळी झोप देते. सगळी शुश्रूषा घरी जमत नसेल तर मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन आहे, १९८६ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातली शुश्रूषा करणारं ठिकाण.

तात्यांनी ॲझासिटिडिन-व्हेनेटोक्लॅक्सची जोडी अकरा फेऱ्या घेतली. त्यातल्या नऊ फेऱ्यांची इंजेक्शनं इथेच. एक गणपती, एक शिमगा आणि एक आंब्याचा हंगाम त्यांनी घरी काढला. पालखी आली तेव्हा अंगणात मास्क लावून खुर्चीत बसले होते. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी अंघोळीनंतर पाठ पुसताना काकूंच्या बोटाला दोन बारीक गाठी लागल्या. रक्ताचा रिपोर्ट त्या आठवड्यात अजून ठीक होता. तीन आठवड्यांनी बिघडला. मुंबईला पुन्हा जायचं नाही हे तात्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कागदावर लिहूनही. खांद्यावरची एक गाठ उशीला टेकली की दुखायची, तिच्यावर तेवढी रेडिएशन घेतली, दोनदा जाऊन. बाकी गोळ्या घरी, रक्त जिल्हा रुग्णालयात, आणि काकू रोज सकाळी खोबरेल तेल न चोळता, नुसतं हलक्या हाताने लावायच्या, कातडी कोरडी पडू नये म्हणून.